बोरीबंदरला उतरलात तर...

परवा नागपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, शनिवारी आम्ही तिघं पुण्याहून डेक्कन क्वीनने येतोय. साडेदहाच्या सुमाराला व्हीटीला उतरू. तिथूनच संध्याकाळची विदर्भ पकडायची आहे. मधला अख्खा दिवस मोकळा आहे. आसपास काय बघायचं त्याची एक यादी पाठव ना."

यादी करायला बसलो. एक, स्टेशन. दोन, जीपीओ. तीन, महापालिका. चार... आणि ते सगळं रेल्वेच्या वेळापत्रकासारखं दिसायला लागलं. शेवटी कळवून टाकलं, यादी नाही, मीच येतो. बायको म्हणाली, "पोरं सकाळी लवकर निघालेली असतील. आधी खायला घाला, मग इतिहास." तिला माझ्या इतिहासाचा दांडगा अनुभव आहे :)

तर मंडळी, ही त्या दिवसाची हकीकत. तुमच्यापैकी कुणाला कधी या स्टेशनात दोन गाड्यांच्या मधे ताटकळावं लागलं तर थोडी वाटाड्यागिरी म्हणूनही वाचायला हरकत नाही.

आधी नावाचं बघू. माझे वडील शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायचे. बोरी म्हणजे गोणी. गोण्या-पोती उतरायची तो धक्का ते बोरीबंदर, अशी त्याची फोड सांगतात. आमची पिढी व्हीटी म्हणणारी. १९९६ साली नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं, आणि भाच्याची बारा वर्षांची लेक 'सीएसएमटी' अशा चार अक्षरांत सगळं उरकते. टॅक्सीवाल्याला मात्र यातलं काहीही सांगा, तो इथेच आणून सोडतो.

गाडी वेळेवर आली. (१ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी, पण अजूनही तिची वेळ चुकली की पुणेकर घरचं कुणी आजारी पडल्यासारखे चेहरे करतात.) सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि समोरच्या बाझारगेट स्ट्रीटच्या तोंडाशी पंचम पुरीवाल्याकडे गेलो. पुरी-भाजी, बस. फार जुनं दुकान आहे. पहिली आगगाडी सुटली तेव्हापासूनचं, असंही सांगतात. मी ते तपासायला गेलो नाही, पुऱ्या गरम होत्या.

आता मुद्द्याचं. बाहेर पडलं की सगळेजण स्टेशनच्या दर्शनी भागाकडे तोंड वर करून उभे राहतात आणि फोटो काढतात. तुम्ही तसं करू नका. निदान आधी करू नका. मी या तिघांना उलट्या दिशेला, जीपीओच्या पलीकडे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात घेऊन गेलो. भाचेसून जरा बिचकली. मुंबई दाखवायला आणलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं! पण तिथेच एका बाजूला काळ्या दगडांची एक जाडजूड जुनी भिंत आणि तिच्याआडचे कमानदार खण उभे आहेत. राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी तिथेच आहे. हा फोर्ट जॉर्जचा उरलेला तुकडा. रोज लाखो माणसं 'फोर्ट'ला कामाला जातात, आणि फोर्ट म्हणजे किल्ला असतो हे कुणाच्या डोक्यातही नसतं. हा त्या किल्ल्याचा पुरावा. किल्ल्याच्या उत्तरेच्या अंगाला १७६९ च्या सुमारास इंग्रजांनी ही जास्तीची गढी बांधली, आणि तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव दिलं.

"पण किल्ला कुणापासून राखायचा होता?" मुलीने विचारलं.

इथे मला अवसान चढलं, कारण उत्तर आहे 'आपल्यापासून'. किल्ल्याची तटबंदी तशी आधीपासूनची, १७१६-१७ च्या सुमाराची. चर्चगेट, अपोलो गेट आणि बाझारगेट हे तिचे तीन दरवाजे. पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. वसईहून मुंबई ती किती दूर! आता पाळी आपली, असं त्यांना वाटलं आणि तटाबाहेरून खंदक खणायचं ठरलं. पैसे कमी पडले तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढून दिली. म्हणजे गुजराती, पारशी शेटजींनासुद्धा मराठ्यांची धास्ती होती. चारेक वर्षांत खंदक पुरा झाला.

नुसता खंदक खणून भागत नाही. तटावर तोफा ठेवल्या तर तोफेसमोर उघडी जागा लागते. शत्रूला घराआड, माडाआड लपता येता कामा नये. म्हणून तटाबाहेरची झाडं तोडा, घरं हलवा असे हुकूम सुटले. मराठ्यांची भीती ओसरली तर फ्रेंचांची आली. प्रत्येक भीतीबरोबर ही उजाड पट्टी रुंद होत गेली. तिला नाव पडलं एस्प्लनेड. आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज हे सगळं मुळात एकच, त्या पट्टीचे तुकडे. मुंबईचं नाव जिच्यावरून पडलं त्या मुंबादेवीचं जुनं देऊळसुद्धा आत्ताच्या स्टेशनच्या आसपास, फाशी तलावाजवळ होतं असं मुंबईच्या जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. अठराव्या शतकात तेही हललं. देवी आता झवेरी बाजाराच्या गर्दीत बसलीय. ग्रामदेवतेलाच गाव सोडायला लावलं, तिथे माणसांची काय कथा!

ही गोष्ट मला पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हती. इतकी वर्षं या भागातून येऊन-जाऊन मला प्रश्नही पडला नव्हता की एकाच स्टेशनच्या भोवती इतक्या अवाढव्य सरकारी इमारती का? जीपीओ, महापालिका, कोर्ट, कामा हॉस्पिटल, कॉलेजं, जेजे, अंजुमन इस्लामची शाळा... मुंबईत खुराड्याएवढ्या जागेसाठी माणसं जीव टाकतात आणि इथे एकेक इमारत ऐसपैस पसरलेली. कारण जागा रिकामी होती. तोफेचा गोळा जाण्यासाठी रिकामी ठेवलेली होती. १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडायला काढला. पेशवाई बुडून चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, आता कोण येणार होतं चालून! अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत नुसता ओतत होता. शहराच्या ऐन मध्यावर एवढी मोठी जागा एकदम मोकळी झाली म्हटल्यावर राणीच्या सरकारने तिथे आपली सगळी शोभा मांडली. गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिलं ते १८६३ साली, नेमकं याच उलथापालथीच्या काळात. मराठीत एखाद्या शहरावर एवढं मोठं पुस्तक त्याआधी नव्हतं. ज्यांना हा विषय आवडतो त्यांनी ते जरूर मिळवून वाचावं, बखरीपेक्षा रंगतदार आहे.

आणि यातला योगायोग बघा. मराठे येतील म्हणून जिथला माड न् माड तोडला, त्या जागेवरच्या स्टेशनला आज शिवाजी महाराजांचं नाव आहे. नाव बदललं तेव्हा इंग्रजी पेपरांतून बरीच नाकं मुरडली गेली. मला स्वतःला जुनी नावं बदलण्याची फारशी हौस नाही, पण या एका ठिकाणी हिशेब असा काही जमलाय की मी गप्प बसतो.

जीपीओत पाच मिनिटं डोकावून आलो. जॉन बेग नावाच्या वास्तुविशारदाने विजापूरचा गोलघुमट मनात ठेवून आखलेली ही इमारत १९०४ ला सुरू होऊन १९१३ ला पुरी झाली. मधल्या दालनात उभं राहून वर बघायचं. आमच्या पिढीला इथे मनीऑर्डरीच्या रांगा आठवतात. हल्लीच्या मुलांना ते सांगण्यात अर्थ नाही. पोस्टातून पैसे घरी जायचे हे ऐकून मुलगी म्हणाली, "म्हणजे यूपीआय?" असो.

आता मात्र स्टेशनसमोर उभे राहा.

१६ एप्रिल १८५३ ला इथून पहिली गाडी ठाण्याला गेली तेव्हा इथे हा राजवाडा नव्हता, साधं लाकडी स्टेशन होतं. चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं. नावं काय, तर साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस तोफांची सलामी झाली. म्हणजे तोफा शेवटी वाजल्या त्या आगगाडीच्या स्वागताला. आत्ता दिसते ती इमारत पंचवीस वर्षांनी, १८७८ ला सुरू झाली आणि १८८८ ला संपली. मधे १८८७ ला राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा नाव दिलं व्हिक्टोरिया टर्मिनस. खर्च सोळा लाख चौदा हजार. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा तिचा कर्ता. आधी दहा महिने युरोपातली स्टेशनं बघून आला आणि मग इथल्या मुळातल्या घुमट-कमानींशी त्यांची सोयरीक लावली. त्याचे सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव. कोरीव काम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. माकडं, मोर, उंदीर, पानंफुलं, काय काय कोरलंय! लंडनच्या साच्यातून काढलेलं काम नाही ते. कुणीतरी मराठी, कुणीतरी गुजराती पोरगा पहाडावर चढून छिन्नी चालवत होता हे त्या उंदरांकडे बघून कळतं.

काय बघायचं ते पटकन सांगतो. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, एका बाजूला वाघ. सिंह त्यांचा, वाघ आपला. घुमटाच्या टोकाला हातात मशाल घेतलेली बाई आहे, ती 'प्रगती'. राणीचा पुतळाही दर्शनी भागात होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. भिंतीवर रेल्वे कंपनीच्या कर्त्या मंडळींचे चेहरे गोल चौकटींत कोरलेत, त्यांत जमशेटजी जीजीभाईंच्या बरोबरीने आपले नाना शंकरशेट आहेत. पगडीवरून ओळखा. आणि लोकलच्या तिकीटघरात शिरून वर बघा. निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत. मी कित्येक वर्षं तिथे पास काढला, एकदाही वर बघितलं नाही. रांगेत वर बघणारा माणूस मागच्याच्या शिव्या खातो. ३ फेब्रुवारी १९२५ ला इथूनच कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची गाडी गेली. २००४ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. एवढं पुरे.

एक गोष्ट मुलीला सांगावी की नाही याचा मी विचार करत होतो, पण तिनेच विचारलं. २६ नोव्हेंबर २००८ ची. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत जमिनीवर पथाऱ्या टाकून बसलेली माणसं होती ती. पन्नासहून जास्त माणसं त्या एका जागी गेली. उत्तरेकडे निघालेली कुटुंबं, बोचकी, पोरंबाळं. आम्ही सकाळी क्लोकरूमकडे जाताना त्याच फरशीवरून गेलो होतो. पुढे मारेकरी ज्या कामा हॉस्पिटलकडे गेले आणि ज्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर पडले, ती रंगभवनची गल्ली इथून चालत दहा मिनिटांवर आहे. आम्ही तिकडे गेलो नाही. त्या गल्लीत बघण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते बघायला जायचं नसतं.

महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ला पुरी झाली. तिथे मला आवडते ती गोष्ट पैशाची. मंजूर झाले होते अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार, आणि काम उरकलं अकरा लाख वीस हजारांच्या आत. तशी पाटीच लावलीय. सरकारी काम मंजूर रकमेपेक्षा कमी पैशात झालं याचा दगडी पुरावा मुंबईत आहे, बरं का! भाचा स्वतः पीडब्ल्यूडीचा ठेकेदार, तो बराच वेळ काहीच बोलला नाही :)

क्रॉफर्ड मार्केट आणि जेजेचं आवार मी मुद्दाम गाळलं. उन्हाचे बारा-साडेबारा झाले होते आणि मला त्यांना शेवटी आझाद मैदानात न्यायचं होतं. तुम्हाला वेळ असेल तर जा. जेजेच्या आवारात १८६५ साली रुडयार्ड किपलिंग जन्मला, आणि मार्केटच्या दर्शनी कमानींवरची शिल्पं त्याच्या वडिलांची आहेत.

महापालिकेच्या बाजूने दोन पावलं टाकली की आझाद मैदान. क्रिकेटचे सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात, एकाचा लाँगऑन तो दुसऱ्याचा स्लिप. १९८८ साली शाळेच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळीने ६६४ धावांची भागी केली ती इथे. दक्षिणेच्या टोकाला बॉम्बे जिमखाना, १९३३ साली भारतातला पहिला कसोटी सामना झाला ते मैदान. मुलीला हे सगळं आवडलं.

पण तोफांचं अजून संपलेलं नव्हतं. १८५७ च्या दिवाळीच्या सुमाराला मुंबईतही उठाव करायचा बेत होता. पोलिसप्रमुख फोर्जेटला सुगावा लागला. १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना याच एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं. लष्कर आणि गावची माणसं बघत होती. शंभरहून जास्त वर्षं जी जागा बाहेरच्या शत्रूवर तोफ डागायला मोकळी ठेवली होती, तिथे तोफ डागली ती अशी.

आता माझ्या घरचं. हे सांगायचं की नाही याचा चार दिवस विचार केला. ताई, तू हे वाचशीलच, आणि यातलं अर्धं तुला आज पहिल्यांदा कळेल.

बाबा १९५१ साली कोरेगावकडून मुंबईला आले. तेव्हा तिकडे मीटरगेज होतं. त्या गाडीने पुणे आणि पुण्याहून मोठ्या गाडीने मुंबई. गावचा एक जण दादरला घ्यायला येणार होता. बाबांनी उभ्या आयुष्यात आगगाडी पाहिली नव्हती, दादर आलं कधी नि गेलं कधी कळलंच नाही. गाडी थांबली ती बोरीबंदरला. तिकडे दादरला तो माणूस वाट बघतोय आणि इकडे हे वळकटी घेऊन या राजवाड्यात उभे. रात्र झालेली. फलाटावर आडवे झाले तर शिपायाने हुसकावलं. बाहेर आले, लोकांच्या मागोमाग चालत गेले आणि मोकळी जागा दिसली तिथे वळकटी उशाला घेऊन झोपले. सकाळी विचारत विचारत पायी लालबाग गाठलं. एवढी गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ती मोकळी जागा म्हणजे हे मैदान.

पुढची पाठ नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. बाबांची गिरणीही बंद. मी तेव्हा फोर्टमध्ये एका कचेरीत कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एके दिवशी मोर्चा मैदानात येऊन थांबला होता. आईने माझ्या डब्याबरोबर त्यांचाही डबा दिला होता. मी दुपारी जाऊन दिला. बाबा झाडाखाली बसले होते, म्हणाले, "हितंच झोपलो हुतो बघ पयल्या रात्री." मी म्हटलं बरं, आणि परत आलो.

नंतर पुन्हा एकदा, संपाचे सहा-सात महिने झाले असतील, आमचे साहेब आणि मी कोर्टाच्या कामाला मैदानाच्या कडेने चाललो होतो. आत माणसं बसलेली. साहेब काहीतरी बोलले, या लोकांनी शहराची वाट लावली वगैरे. तेवढ्यात कठड्याशी बाबा दिसले. त्यांनी मला बघून हात वर केला. आणि मी बघितलं नाही असं केलं. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखं उजवीकडे बघत चालत राहिलो.

संध्याकाळी घरी बाबा काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. गिरणी पुन्हा नीट चालली नाही. बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत गिरणीचं ओळखपत्र निघालं ते ताईकडे आहे.

इतिहास वाचायचा नाद मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला, आणि एस्प्लनेडची गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण शहरात ज्याला जायला कुठेही जागा नाही त्याला आडवं होता येईल अशी ही एकच जमीन स्टेशनला लागून उरली, आणि ती तोफांमुळे उरली. तोफा नसत्या तर इथेही चाळी उठल्या असत्या नि बाबांना आणखी कुणीतरी हुसकावलं असतं.

पूर्वी मोर्चे काळा घोड्यापर्यंत जाऊ देत. आता सगळं आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात, आखून दिलेल्या जागेत. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस हक्काच्या घरांसाठी संपानंतर कित्येक वर्षांनीही इथे येऊन बसलेत. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी आले. दहावीची परीक्षा चालू होती, पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला आणि पहाटे मैदानात येऊन बसले. मागण्यांवर आश्वासन मिळालं आणि त्याच रात्री याच स्टेशनातून खास गाड्यांनी परत गेले. २०२५ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणासाठी जरांगे पाटील उपोषणाला बसले तेव्हा तर मैदान पुरलं नाही. माणसं स्टेशनात झोपली, रस्त्यावर चुली मांडल्या. टीव्हीवर बघताना मी पण चारचौघांसारखाच वैतागलो होतो. आमच्या मध्य रेल्वेचे हाल, दुकानं बंद, कचरा. मग एका चॅनेलवर फलाटाजवळ वळकटी उशाला घेऊन झोपलेला एक म्हातारा दाखवला. मी टीव्ही बंद केला. मागण्यांची बाजू-दुबाजू हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही.

शनिवारी मैदानात त्या आखून दिलेल्या कोपऱ्यात कुठल्यातरी भरतीतली पंधरा-वीस मुलं बसली होती, पुठ्ठ्यावर मागण्या लिहून. बाजूला हवालदार मोबाइल बघत होता. भाच्याला मी वरची सगळी गोष्ट तिथे सांगितली. तो ऐकून म्हणाला, "आईला माहितेय?" मी म्हटलं, नाही. मग त्याने त्या मुलांच्या पुठ्ठ्यावरचं सगळं वाचून काढलं, त्यांच्याशी थोडं बोललाही.

मुलगी म्हणाली, "मामाआजोबा, पणजोबा नेमके कुठे झोपले होते?" आता ते मला तरी कुठे माहीत. मी अंदाजाने महापालिकेच्या अंगाला झाडांकडे हात दाखवला. ती तिथे जाऊन उभी राहिली. "इथून तोफ मारली तर स्टेशनपर्यंत गोळा जाईल?" म्हटलं, तोफा त्या बाजूला होत्या, गोळा तिकडून इकडे यायचा. तर मग आपण पावलं मोजू, म्हणाली. आम्ही मोजत निघालो. रस्त्यापर्यंत नीट चाललं होतं. भुयारी मार्गात शिरलो आणि चार्जर, मोजे, पाकिटं विकणाऱ्यांच्या गर्दीत तिचे आकडे चुकले. चारशेच्या पुढे गेलं होतं एवढं नक्की.

वर आलो तर चार वाजत होते. विदर्भला अजून वेळ होता. मग तिकीटघरात जाऊन चौघंही वर बघत उभे राहिलो.